मनगटापासून जमिनीपर्यंत

व्हिसावर माझा धंदा लिहिलाय: फिटर.
खोटं नाही ते.
मिरजेच्या आयटीआयला दोन वर्षं कानस ओढली.
चौकोनी भोकात चौकोनी तुकडा
असा बसला पाहिजे की उजेड दिसता कामा नये,
म्हणायचे तांबोळी सर, आणि तुकडा खिडकीसमोर धरायचे.
मग बहारीनच्या गोदीत सात वर्षं जहाजांचे व्हॉल्व्ह.
आता रिफ्याला, गोल्फच्या दुकानामागच्या खोलीत
माणसाला काठी बसवतो.

रडार सांगतं: वेग एवढा, कोन एवढा, फिरकी एवढी.
बँकवाले येतात, पडद्याकडेच बघत राहतात,
ताठ दांडा मागतात, मऊ म्हटलं की चेहरे पडतात.
मी मऊच बसवतो
आणि वरचा स्टिकर खरवडून काढतो.
चेंडू लांब जातो. सगळे खूश.

ऑगस्टातल्या एका दुपारी, मैदानावर चिटपाखरू नसताना
हाजी जासिम आले. वय शहात्तर,
तेल कंपनीतून निवृत्त.
एका काखेत मुलानं आणून दिलेला नवा सेट,
दुसऱ्या काखेत पोत्यात गुंडाळलेला जुना.

"हिरवळ नव्हती तेव्हा," वडिलांच्या पेढीवर शिकलेल्या
हिंदीत म्हणाले. "वाळूतच खेळायचो.
भोकाभोवती तेल ओतून रूळ फिरवायचा,
तेच आमचं ग्रीन, रंगानं तपकिरी.
हिरवा तुकडा ज्याचा त्यानं बरोबर न्यायचा,
पाटाएवढा. ठेवला, मारला,
उचलला, चालायला लागलो."

जुना सात नंबर मी उजेडात धरला.
तळ वाळूनं घासून कागद झालेला.
आणि तोंडावर, बरोब्बर मधोमध,
पंचवीस फिल्सच्या नाण्याएवढा
एकच झिजलेला डाग.
चाळीस वर्षं, एकाच जागी.
रडारला हे कुठून दिसणार.

"कोच म्हणतो, फार आडवा मारता,
गवत कापल्यासारखा.
खांद्याचं ऑपरेशन झालंय, बाबा.
मी आता बदलत नसतो. काठी बदल."

नव्या काठीच्या तळाला टेप लावली, फळीवरून मारायला सांगितलं.
खूण टाचेकडे. पुन्हा मारा. पुन्हा टाचेकडेच.
काठी उभी, माणूस आडवा,
भांडण एवढंच, दोन अंशांचं.
हेड व्हाइसमध्ये आवळलं, बार अडकवला, ओढलं.
लोखंड आधी नाही म्हणतं,
मग आत कुठेतरी जरासं ऐकतं.
तिथंच थांबायचं असतं.
हे कुठल्याच सरांनी शिकवलं नव्हतं.

मग लांबीचं माप. आम्ही नुसती उंची धरत नाही,
मनगटाच्या रेघेपासून जमीन किती लांब, ते बघतो.
ताडमाड माणसाचे हात कधी कधी
बुटक्यापेक्षा खाली लोंबतात.
थोब सावरून हाजी ताठ उभे, मी गुडघ्यावर.
साडेतेहतीस इंच.

टेप त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.
"आता तू."
हाजी, मी खेळत नाही.
"ते कुठं विचारलं? बूट काढ."

एकोणीस वर्षांत या देशानं माझं रक्त तपासलं,
छातीचा फोटो काढला, दहाही बोटं काचेवर टेकवून घेतली.
तो म्हातारा एका हातानं खांदा धरून
कण्हत वाकला,
आणि माझ्या मनगटापासून फरशीपर्यंत टेप सोडली.
फरशी गार होती.
मोज्याला अंगठ्याशी भोक.
"सव्वाएकतीस," म्हणाले. "जवळ आहेस की रे."
कशाच्या, ते सांगितलं नाही.

रात्री दांड्यांचा गोंद सुकायला ठेवला,
उद्यापर्यंत हात लावायचा नसतो.
जॉब कार्डावर हाजींचं माप उतरवलं.
खाली एक ओळ रिकामी होती.
सव्वाएकतीस.
नावाच्या रकान्यात पेन थोडा वेळ टेकवून ठेवलं,
मग लिहिलं, अंकुश.

भंगाराच्या डब्यात एक कापलेला दांडा पडला होता, मऊ.
मनगटाशी धरून बघितला.
पुरत होता.